पाच नंबरची रेघ

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या पार्शात माणूस नोकरीतून निवृत्त झाला की वाड्यावरची माणसं त्याला तीन महिन्यांची सवलत देतात. तेवढ्यात त्याने काय झोपायचं ते झोपून घ्यावं, पेपर दोनदा वाचावा, बायकोच्या माशांच्या हुमणात काय खोडी काढायची ती काढावी. चौथा महिना लागला की तो सार्वजनिक मालमत्ता होतो. कोणाचा अर्ज लिहायचाय, कोणाच्या मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत की नाहीत ते बघायचंय, की हाक त्याच्याच नावाने जाते. कृष्णनाथबाब जमीनमोजणीच्या खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून चौतीस वर्षांनी सुटले आणि चौथ्या महिन्याच्या दुसऱ्याच दिवशी वाड्यावरच्या शाळेतल्या सुविधा टीचर त्यांच्या बालकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन बसल्या.

टीचरच्या हातात वरून आलेला कागद होता. पहिलीतल्या आणि त्याखालच्या बालकांना 'परिसरातील रेषा व आकृतिबंध यांची आनंददायी ओळख' करून द्यावी आणि तिचे फोटो पाठवावेत, असं त्यात होतं. फोटो पाठवणं टीचरना जमत होतं. आनंदाचंही त्या बघून घेणार होत्या. अडलं होतं ते रेषांपाशी. चित्र म्हणून त्यांना एकच येत होतं, घर आणि घरामागे दोन डोंगर, आणि तेही डोंगर कधी घरापुढे यायचे.

कृष्णनाथबाबांनी विचार करून सांगतो म्हटलं. माणसाने लगेच हो म्हणू नये, एवढा धडा खात्याने शिकवला होता. पण टीचर फाटकाबाहेर जायच्या आत ते आतल्या कपाटातली टी-स्क्वेअर शोधायला लागले होते. निवृत्तीनंतर घरात त्यांच्या वाट्याला दोनच कामं आली होती, तांदळातले खडे वेचणं आणि पोदेराचा भोंपू ऐकला की पाव घ्यायला धावणं. आता त्यांची कोणालातरी गरज लागली होती. त्यांच्या बायकोने, विनोदिनीवहिनींनी, हे सगळं दारात उभं राहून पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "शिकयतास तर शिकया. पण तेंका खात्यात भरती करू नकात."

पहिल्या शनिवारी कृष्णनाथबाब इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. सोबत टी-स्क्वेअर, दोन त्रिकोण, कंपासपेटी आणि चार प्रकारच्या पेन्सिली. मुलं अकरा. पाच मिनिटांत टी-स्क्वेअरचं विमान झालं, त्रिकोणाची कलिंगडाची फोड झाली आणि कंपासाचं टोक कोणाच्या तरी पाठीला लागून रडारड झाली. ती शमल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, सरळ रेषा म्हणजे काय? त्यांना 'दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर' असं उत्तर हवं होतं. पाच वर्षांच्या मुलाकडून हे उत्तर कोणी का मागावं, असा प्रश्न त्यांना पडला नाही. पुढच्या बाकावरून उत्तर आलं की गप्प उभं राहायचं आणि पुढच्याला ढकलायचं नाही. शाळेने त्यांना तेवढीच रेषा शिकवली होती.

मग कृष्णनाथबाबांनी खात्याची पद्धत काढली. प्रत्येक रेघेला नंबर. सरळ रेघ एक, तिरकी दोन, लाटेसारखी तीन, करवतीच्या दातांची चार, ठिपक्या-ठिपक्यांची पाच. दोन रेघा मिळून नक्षी झाली की एक छेद तीन, दोन छेद चार असं लिहायचं. छेद म्हणजे काय हे मुलांना कळलं नाही, पण लिहायला फार आवडलं. आकडाही खात्याच्याच वळणाचा काढायचा, पाचाचं पोट गोल आणि शेपूट आखूड. दोन शनिवारांत अकराही मुलं मोजणीच्या नकाशावर शोभतील असे आकडे काढायला लागली. विनोदिनीवहिनी म्हणाल्या होत्या ती भरती ती हीच, पण हे कृष्णनाथबाबांच्या लक्षात यायला अजून वेळ होता.

फक्त एक मुलगी नंबर सांगायची नाही. तिचं नाव तारा. ती रेघांना नावं ठेवायची. आडवी रेघ म्हणजे निजलेली. करवतीची म्हणजे पोटात दुखणारी. आणि ठिपक्यांची? "ती वाटेत इसरत इसरत गेल्या," ती म्हणाली. कृष्णनाथबाबांनी वर्गात तिला नंबर सांगायला लावलं आणि रात्री जेवताना हेच वाक्य बायकोला तीनदा ऐकवलं. तीनही वेळा पोळी ताटात तशीच राहिली.

ताराचा हात उपजत होता. पट्टीशिवाय ठिपके मांडायची ते असे की दोन ठिपक्यांतलं अंतर मोजून घ्यावं. टीचरनी तिची हकिगत त्यांना सांगितली. बाप सागर मूळचा दोडामार्गाकडचा. शिरगावला खाणीच्या ट्रकवर आला, खाण कधी चालू कधी बंद, तिथून डिचोलीत, तिथून इथे माती वाहणाऱ्या एका टिपरवर. शेजारच्या जमीनवाल्या गुरुदासबाबांच्या घरामागे काजूच्या कोठाराला लागून एक खोली आहे, तिथे तिघं राहतात. सहा वर्षं पुरी व्हायच्या आत ताराची ही तिसरी शाळा. आधीच्या दोन शाळांत तिने तोंड उघडलं नव्हतं म्हणे. इथे शनिवारी उघडायला लागली. तिची आई पल्लवी टीचरना म्हणाली होती की बाकी काही नको, हिचं एक वर्ष तरी एका जाग्यावर पुरं होऊ दे. ते वर्ष पुरं करून द्यायची जबाबदारी जणू आपल्याच नावावर चढली, अशा थाटात कृष्णनाथबाब दर शनिवारी दहा मिनिटं आधी शाळेत जायला लागले.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण कौतुक वाईट. सहाव्या शनिवारी ते मुलांना जवळच्या जुन्या देवळात घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर लाल कावेत, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगात, कोरलेल्या वेलबुट्ट्या आहेत. एकच पान पुन्हा पुन्हा येतं आणि नक्षी होते, हे त्यांनी भिंतीला टेप लावून, बोटाने दाखवून समजावलं. टीचरनी फोटो वर पाठवले. वरून दोन हात जोडलेलं चित्र आणि 'छान उपक्रम' असं उत्तर आलं. चौतीस वर्षांत कृष्णनाथबाबांच्या कामाला वरून कोणी छान म्हटलं नव्हतं. त्याच उत्साहात त्यांनी प्रत्येक मुलाला करवंटीत काव कालवून दिली आणि अभ्यास दिला: आपल्या घरी, शेजारी, वाटेवर रेघा शोधा, आणि सापडली की तिला नंबर घाला.

वहीत घाला, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायचं राहिलं असंही नाही, ते त्यांना सुचलंच नाही. ज्याने उभा जन्म मोजणीच्या दगडांवर नंबर घातलेले पाहिले, तो नंबर आणखी कुठे घालणार?

रविवारी निम्मा वाडा हरमलला एका बारशाला गेला होता. मुलांना रान मोकळं मिळालं. पंच भिकाजी यांच्या नव्या फाटकावर एक छेद चार पडला. त्यांच्या पायऱ्यांवर एक, एक, एक. माडांच्या खोडांवरच्या वळ्यांवर तीन. म्हशीच्या शिंगावरही तीन, तेवढा म्हशीने संध्याकाळपर्यंत घासून काढला. आणि ताराला मुंग्या सापडल्या. गुरुदासबाबांच्या दगडी गडग्यातून निघालेली मुंग्यांची रांग बालकांवाच्या भिंतीवरून, गोठ्यातून, विहिरीच्या कठड्यापर्यंत गेली होती. तारा तिच्या मागोमाग ठिपके देत गेली. कुठे थांबली नाही, कुठे चुकली नाही. शेवटी विहिरीवर खात्याच्या वळणाचा गोल पोटाचा पाच घातला आणि, बालकांवाच्या खांबाशी रांग सरळ गेली होती म्हणून, छेद एक.

सोमवारी ही बातमी पोदेराने सायकलवरून पावाबरोबर घरोघरी पोचवली. पेडण्यात भिंतीवरचा लाल आकडा वाचायला शाळेत जावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत इथे एवढे रस्ते रुंद झाले आहेत की तांबडी खूण दिसली की माणूस आधी घराकडे बघतो आणि मग देवाकडे. त्यात छेद दिलेला आकडा म्हणजे सर्वे नंबराची पोटविभागणी. आणि तुटक रेघ? नकाशात तुटक रेघ म्हणजे होऊ घातलेला रस्ता, हे वाड्याला खुद्द कृष्णनाथबाबांनीच पूर्वी कधीतरी पारावर बसून शिकवलं होतं. बाकीचं लोकांनी जुळवलं. मोजणी खात्याचा माणूस मुलांची रांग घेऊन गावभर फिरतो, भिंतींना टेप लावतो, बोट दाखवतो. कोणाला संशय येऊ नये म्हणून पोरं पुढे घातली आहेत. काय डोकं, असं लोकांनी कौतुकानेच म्हटलं.

त्या दिवसापासून कृष्णनाथबाबांकडे माणसं यायला लागली. कोणी केळ्यांचा घड आणला, कोणी आमसुलं, एकाने पानात गुंडाळलेले बांगडे. मुलांना शिकवल्याची ही परतफेड, असं समजून कृष्णनाथबाबांना भरून आलं. गावाला कलेची जाण नाही असं आपण उगाच म्हणत होतो, हेही त्यांनी बायकोला बोलून दाखवलं. वहिनींनी बांगडे घेतले, पण आणणाऱ्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

संध्याकाळी स्वतः गुरुदासबाब आले. दोघांची चाळीस वर्षांची ऊठबस, रोज संध्याकाळी एकमेकांच्या सोप्यावर. पण त्या दिवशी गुरुदासबाब खुर्चीच्या कडेवर बसले. बराच वेळ काजूच्या मोहोराबद्दल बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ती ठिपक्यांची रेघ जरा बाजूला वाकवता येते का.

कृष्णनाथबाब खुलले. चाळीस वर्षांत या माणसाने चित्रकलेतलं पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. ते म्हणाले, "वाकता तर. पण रेघ वाकवायची तर हात सैल सोडूक व्हयो. घट्ट धरल्यार ती कशी वाकतली?"

गुरुदासबाबांनी मान डोलावली. सकाळी त्यांच्या गड्याने एक पोतं काजूगर आणून सोप्यावर ठेवले.

तेव्हा वहिनींनी नवऱ्याला आत बोलावून दार लावलं आणि गाव काय बोलतं ते सांगितलं. कृष्णनाथबाबांनी काजूगर, आमसुलं, अर्धा घड सगळं ज्याचं त्याला परत धाडलं. बांगडे परत करण्याच्या स्थितीत नव्हते. परत आलेल्या पोत्याचा अर्थ गुरुदासबाबांनी व्यवहारी माणसाप्रमाणे लावला. एक पोतं कमी पडलं, म्हणजे रस्ता मोठा आहे.

पंचायतीत बैठक बसली. कृष्णनाथबाबांनी उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. कागद, टीचर, नंबर, काव. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरकारी माणूस एवढा खुलासा करतो त्या अर्थी पाणी खोल आहे, हे सगळ्यांना पटत गेलं. शेवटी पंच भिकाजी म्हणाले की बाकीचे आकडे पोरांचे असतील, ते मानू. पण गुरुदासच्या भिंतीवरची ती रेघ? ठिपका ठिपक्याला जुळतो. अंतर इथून तिथवर एक. हे पोराचं काम नव्हे. हा खात्यात मुरलेला हात आहे.

आता त्या क्षणी कृष्णनाथबाबांनी काय बोलायला हवं होतं ते वाचकाला सांगायला नको. पाच वर्षांच्या तारा नावाच्या मुलीने मुंग्यांमागून ती काढली, असं म्हणायचं. लोक हसले असते, दोघंतिघं जाऊन मुंग्या बघून आले असते आणि कदाचित तिथेच सगळं मिटलं असतं. पण दोन दिवस गाव त्यांना लबाड म्हणत होतं, घरातून निघताना मान खाली होती, आणि भर सभेत कोणीतरी म्हणत होतं की असा हात दुसऱ्याचा असूच शकत नाही. माणसाची दुखावलेली इभ्रत फार स्वस्तात बरी होते. त्यांच्या तोंडून गेलं, "हात माझ्याच तालमीतलो आसा."

भिकाजींनी टेबलावर हात ठेवला आणि बैठक संपली.

बाहेर आल्यावर कृष्णनाथबाबांना आपण काय बोललो ते कळलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते आपल्या जुन्या खात्यात गेले. पार्शात रस्ता होणार नाही, एवढा एका ओळीचा दाखला त्यांना हवा होता. टेबलावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून होता. त्याने चहा मागवला, वहिनींची चौकशी केली आणि सांगितलं की जे होणार आहे त्याचा दाखला देता येतो, जे होणार नाही त्यासाठी फॉर्म नाही. अर्ज देऊन ठेवा, बघू. कृष्णनाथबाबांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय: 'पार्से येथे कोणताही प्रस्तावित रस्ता नसल्याबाबत.' सोबत समजावं म्हणून वाड्याचा नकाशा जोडला आणि त्यात, सवयीने, ती ठिपक्यांची रेघही दाखवली. कारकुनाने अर्ज आवक वहीत चढवला. वहीतला रकाना अरुंद होता. विषय मावला तेवढा लिहिला गेला: 'पार्से, प्रस्तावित रस्ता. नकाशासह.'

पंच भिकाजी तिसऱ्या दिवशी तीच वही बघून आले. परत येताना ते बसमध्ये कोणाशीच बोलले नाहीत, आणि त्यामुळे बस पार्शाला पोचायच्या आत सगळ्यांना सगळं कळलं.

गुरुदासबाब दुष्ट नव्हते, हे नोंदवून ठेवायला हवं. पण जमीनवाला माणूस भीतीत असला की शेजारच्या शहाण्यांचं ऐकतो. शहाणे म्हणाले की रस्त्यात खोली गेली तर भरपाईच्या वेळी खोलीत राहणारा हक्क सांगत उभा राहतो आणि मालकाला कोर्टात जावं लागतं. सामान्य परिस्थितीत गुरुदासबाब या सल्ल्यावर हसले असते. आता त्यांनी ताराच्या बापाला, सागरला, बोलावलं, आठ दिवसांची मुदत दिली, वर दहा किलो उकडे तांदूळ दिले आणि तोंड फिरवून काजूच्या झाडाकडे बघत राहिले.

कृष्णनाथबाबांना हे टीचरकडून कळलं. ते तसेच, शर्टाची बटणं न लावता, गुरुदासबाबांच्या अंगणात गेले. "गुरुदास, ती रेघ ताराची रे," ते म्हणाले. "मुंग्यांच्या मागसून मारल्यान. तेंका काढू नको. चल, मुंग्यो दाखयतंय."

गुरुदासबाब हसले नाहीत. "सभेत म्हणालंस तुझो हात म्हणान. खात्यात नकाशो दिलंस. आता म्हणतंस मुंग्यो," ते म्हणाले. "चाळीस वर्सां तुझ्या सोप्यार बसलंय, कृष्णनाथ. माका एवढो पिसो समजतंस?"

मुंग्या दाखवायला दोघं गेलेही. पण काव पडल्यापासून मुंग्यांनी वाट बदलली होती. भिंतीवर नुसती रेघच होती.

आठव्या दिवशी टिपरमध्ये सामान चढलं. फार नव्हतं. एक खाट, गॅसची शेगडी, पत्र्याची ट्रंक, दोन बाल्द्या. कृष्णनाथबाब आपल्या जनेलातून बघत होते. बाहेर जायचा धीर झाला नाही. जाऊन सांगणार काय? तारा पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसली होती. शनिवार होता, आणि तिने शाळेचा गणवेश घातला होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं की आज शाळेत जायचं नाही, किंवा सांगितलं असेल आणि तिने ऐकलं नसेल.

शनिवारचा वर्ग सुविधा टीचरनी बंद केला. वरून आलेल्या दुसऱ्या कागदात पाणी आणि स्वच्छता होती. मुलांनीच ओल्या फडक्यांनी भिंती पुसल्या आणि त्याचे फोटो वर गेले. रस्ता आला नाही. फेब्रुवारी गेला, काजूचा हंगाम लागला, मोजणीवाला म्हणून कोणी फिरकला नाही. लोक हळूहळू कृष्णनाथबाबांशी पूर्वीसारखे बोलायला लागले, किंबहुना थोड्या जास्त आदराने. या माणसाने आतल्या आत वजन वापरून रस्ता दुसरीकडे वळवला, असं आता गाव म्हणतं. भिकाजींनी तर जाहीर आभार मानायचा ठराव आणला होता. कृष्णनाथबाबांनी तो हात जोडून मागे घ्यायला लावला, तेव्हा त्यांच्या विनयाचंही कौतुक झालं. गुरुदासबाबांच्या मागच्या खोलीत आता पोती आहेत. मार्चात एका सकाळी ते आपल्या बालकांवाच्या भिंतीशी बराच वेळ वाकून उभे असलेले दिसले. मुंग्या जुन्या वाटेवर परत आल्या असाव्यात. त्या संध्याकाळी ते कृष्णनाथबाबांच्या सोप्यावर आले, बसले, आणि काही न बोलता उठून गेले. दोघांनाही बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते एकमेकांना सांगून उपयोग नव्हता.

मार्चच्या शेवटी कृष्णनाथबाब स्कूटरवरून समुद्राकाठच्या हरमलला गेले. टीचरनी पत्ता काढून दिला होता. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका घरामागे पत्र्याची शेड होती. पल्लवी तिथे चादरी धूत होती. सागर किनाऱ्यावर खाणावळी चालवणाऱ्या शॅकवाल्यांच्या गाडीवर होता. ताराला इथल्या शाळेत जूनमध्ये घेतो म्हणाले होते. म्हणजे वर्ष गेलंच. पल्लवीने कसला राग दाखवला नाही, खुर्ची पुसून दिली, लिंबाचं सरबत केलं. रागावली असती तर त्यांना बसणं सोपं गेलं असतं.

तारा कोपऱ्यात उभी होती. कृष्णनाथबाबांनी तिला चोवीस रंगांची पेटी आणि जाड कागदाची वही दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, पण उघडली नाही.

"काढ मगो काय तरी," ते म्हणाले. "एक रेघ तरी मार."

ताराने आधी शेडच्या भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे. पल्लवीची पाठ होती, पण चादर पिळणारे हात थांबले होते.

"सर," तारा हळूच म्हणाली, "ही मारली तर आमका हंयसूनय जावचां पडात?"

नाही, असं ते म्हणाले. पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाले. तिने मोठ्या माणसांची 'नाही' आधीही ऐकली असणार, कारण तिने ती ऐकून घेतली आणि पेटी ट्रंकेवर ठेवली. मग त्यांचं एक बोट धरून त्यांना बाहेर नेलं. चादरींच्या दोऱ्यांखालून, ओढून ठेवलेल्या होड्यांमधून, कोरडी वाळू संपेपर्यंत, आणखी पुढे, जिथे ओल्या वाळूत पाय बुडायला लागला तिथे ती थांबली. एक काटकी उचलली.

"हंय मारूक जाता, सर," ती म्हणाली. "हंय कोणाचां घर नाय."